राहून गेलेला फासाचा धडा

एका डोंगरउतारावरच्या दाट जंगलात एक म्हातारी वानरी राहत असे. मुलांनो, वानरी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे उड्या आणि माकडचेष्टाच येणार. ही तशी नव्हती. रोज सकाळी एका बेहड्याच्या झाडाखाली ती शाळा भरवी. तिच्याकडे येणाऱ्या पिल्लांपैकी कुणाची आई वणव्यात गेलेली असे, कुणाचा बाप शिकाऱ्याने नेलेला असे. काहींचे आईबाप होते, पण पोटासाठी ते उजाडायच्या आत बाहेर पडत आणि पिल्ले दिवसभर वाऱ्यावर. कोणते फळ गोड आणि कोणते विषारी, कोणता पक्षी ओरडला की पळायचे, पाण्यावर कधी जायचे आणि कधी नाही, या सगळ्या आईने शिकवायच्या गोष्टी वानरी त्यांना फुकट शिकवी. पिल्ले तिला बाई म्हणत.

अडचण होती ती पोटाची. सकाळ शाळेत घालवली तर ज्याला कुणीच नाही त्याने खायचे काय? एखादे पिल्लू चार दिवस येई, मन लावून शिके आणि मग दिसेनासे होई. ते आळशी नसे, ते कुठे तरी मुळ्या उकरत असे. बाई स्वतःच्या वाटणीची फळे त्यांना देई, पण एका म्हाताऱ्या वानरीची वाटणी असून असून किती असणार?

त्या पिल्लांत सशाचे एक पिल्लू होते. त्याची आई तारेच्या फासात अडकून मेली होती आणि ते त्याने गवताआडून पाहिले होते. म्हणून त्याला बाकीच्या धड्यांपेक्षा फासाच्या धड्याची ओढ होती. "बाई, फास कसा ओळखायचा ते कधी शिकवणार?" असे ते सारखे विचारी. बाई सांगे, की गवत वाळले की शिकारी फास मांडायला लागतात, त्याच्या आत तो धडा नक्की घेऊ.

आता या गोष्टीत भाऊसाहेब येतात. भाऊसाहेब म्हणजे पलीकडच्या मोहाच्या बनातले अस्वल. मोहाची फुले पडायला लागली की त्याच्या बनात चालायला जागा नसे, इतका सडा. एके दिवशी त्याने जाहीर केले, की बेहड्याखालच्या अनाथ लेकरांचे खाणेपिणे आपल्याकडे लागले. जंगलभर त्याची वाहवा झाली. खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवशी पिल्लांनी पोटभर फुले खाल्ली तेव्हा बाईच्याही डोळ्यांत पाणी आले.

पण भाऊसाहेबांची फुले नुसती कधी आली नाहीत. आधी त्यांचा कारभारी कोल्हा येई. भाऊसाहेब येणार आहेत, तेव्हा पिल्लांनी सकाळपासून रांगेत उभे राहावे, असे तो सांगे. स्वागताचे गाणे हवे, गळ्यात घालायला हार हवा. मग ऊन चढल्यावर भाऊसाहेब डुलत डुलत येत, हार घालून घेत आणि आपण लहानपणी किती हाल सोसले यावर भाषण करीत. फुले शेवटी वाटली जात. तोवर पिल्लांचे पाय भरून आलेले असत आणि त्या दिवसाचा धडा बुडालेला असे. गाणे चुकले म्हणून कोल्हा एकदा मुंगसाच्या पिल्लावर खेकसलादेखील. म्हणजे उपाशी पोराने खायच्या आधी सुरात गायला हवे!

गवत वाळू लागले. फासाचा धडा बाईने ठरवला, तर नेमका त्या दिवशी भाऊसाहेबांचा दौरा निघाला. पुन्हा ठरवला, तर भाऊसाहेबांचे पाहुणे शाळा बघायला आले. शेवटी एका सकाळी बाईने पिल्लांना गोल बसवले आणि बोलायला तोंड उघडले, तोच कोल्हा हजर. आज भाऊसाहेबांचा वाढदिवस आहे, असे तो म्हणाला, आणि त्यांना पळसाच्या फुलांचा मोठा हार हवा आहे.

बाईने हात जोडून सांगितले, की आजचा दिवस सोडा, आज फासाचा धडा आहे, नाल्याकडे माणसांचा वास येऊ लागला आहे.

"धडा काय, उद्याही होईल," कोल्हा म्हणाला. "वाढदिवस उद्या होणार आहे का? आणि हार नसला तर फुलं येतील याची मी खात्री देत नाही."

बाई गप्प बसली. मला तिच्या गप्प बसण्याचा राग येतो. पण समोर उपाशी पिल्ले बसलेली असताना मी तरी काय बोललो असतो, कोण जाणे. कोल्ह्याने तेवढ्यात चपळ पिल्ले निवडली आणि पळसाखाली पडलेली फुले वेचायला नाल्याकडे पिटाळली. त्यात सशाचे पिल्लू होते.

थोड्याच वेळात नाल्याकडून किंकाळी आली. बाई म्हातारपण विसरून धावली. सशांच्या नेहमीच्या पायवाटेवरच फास मांडलेला होता आणि पिल्लाचा मागचा पाय त्यात अडकला होता. धडपडेल तशी तार आत रुतत होती. बाईने त्याला छातीशी दाबून धरले, दातांनी आणि बोटांनी तार सैल केली आणि त्याला सोडवले. जीव वाचला, पण पाय मोडला. सशाचे सगळे आयुष्य त्याच्या पायांवर असते, हे तुम्हाला सांगायला नको. तोंडातले पळसाचे फूल त्याने अजून सोडले नव्हते.

बाई त्याला घेऊन झाडाखाली आली तेव्हा भाऊसाहेब आपल्या पाहुण्यांसह येऊन उभे होते. त्यांनी हार कुठे आहे ते विचारले. काय झाले ते कोल्ह्याने त्यांच्या कानात सांगितले. "अरेरे," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी भाषणाला सुरुवात केली. खोडामागे पिल्लू कण्हत होते आणि रांगेतली पिल्ले मान वळवायलाही घाबरत होती. आपल्या मदतीमुळे ही लेकरे कशी सुरक्षित झाली आहेत, हे भाऊसाहेबांनी सविस्तर सांगितले. ऐकणाऱ्या पाहुण्यांपैकी एकालाही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हा आणि भाऊसाहेब पुन्हा आले, बरोबर फुलांची भली मोठी टोपली. या खेपेला काही तरी वेगळे करायचे होते. कोल्ह्याने सांगितले, की जखमी पिल्लाला सर्वांपुढे उभे करा, भाऊसाहेब स्वतः त्याला हार घालणार आहेत.

"त्याला उभं राहता येत नाही," बाई म्हणाली.

एवढे बोलून तिने तोंड फिरवले. उठू लागलेल्या पिल्लांना तिने हाताने खाली बसवले. सशाचे पिल्लू पुढे पानांच्या बिछान्यावर होते. त्याच्या शेजारी बसून बाईने तोच तारेचा फास सर्वांना दिसेल असा वर धरला.

"नीट बघा. ओळखीच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना काटक्या रोवलेल्या दिसल्या, की समजायचं, वाट कुणी तरी मुद्दाम अरुंद केली आहे. तिथून जायचं नाही. आणि धडा संपेपर्यंत कुणीही उठायचं नाही, कुणीही आलं तरी."

पिल्ले फासाकडे बघत राहिली. भाऊसाहेब एकदा खाकरले, मग दोनदा खाकरले. कुणी वळून पाहिले नाही. ज्या शाळेला आपण पोसतो असे ते जंगलभर सांगत, तिथला एखादा धडा कानावर पडायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. तोही त्यांना सहन झाला नाही. कोल्ह्याला त्यांनी टोपली उचलायला लावली आणि फुले परत नेली. हो, परत नेली. लेकरांच्या तोंडापुढून.

त्या दिवशी पिल्ले उपाशी राहिली, पण धडा पुरा झाला. संध्याकाळी ती आपापल्या बिळात गेली आणि ज्यांना आया होत्या त्यांनी आयांना सगळे सांगितले. या आया स्वतःच हातावर पोट असलेल्या. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताना बेहड्याच्या बुंध्याशी काही कंद पडलेले होते, थोडी बोरे होती, एक आवळ्यांनी लगडलेली डहाळी होती. ठेवणाऱ्या थांबल्या नव्हत्या, त्यांना कामावर जायचे होते. तेव्हापासून रोज सकाळी तिथे काही ना काही असते. कुणी काय ठेवले हे बाईने कधी विचारले नाही आणि एकही धडा त्यासाठी बुडाला नाही. सशाचे पिल्लू लंगडत येते आणि नव्या पिल्लांना फासाचा धडा आता तेच देते.

भाऊसाहेब मात्र अजूनही सांगत फिरतात, की बेहड्याखालची शाळा माझ्यामुळे चालते. मुलांनो, कधी गाठ पडलीच तर त्यांना एवढेच विचारा, की त्या शाळेत काय शिकवतात. त्यांना सांगता येणार नाही.

तात्पर्य : निराधार मुलांच्या शाळेला द्यायचे तर मुकाट्याने द्यावे आणि त्यांना शिकू द्यावे, त्यांचा शिकण्याचा वेळ आपल्या मानपानात खर्चणारा त्यांना पोसत नसतो, त्यांच्या जिवावर स्वतः मोठा होत असतो.