आतून तांबडा डबा

फार मागं, घाटाखालच्या एका गावात एक तांबट राहायचा. नक्षीचे डबे घडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तांब्याच्या पत्र्याचं अंग, कडेला पितळेचा पट्टा आणि वर चांदीची फुलं. तीन धातू असे एकात एक बसवायचा की नख फिरवलं तरी सांधा लागायचा नाही. हात असा, पण तोंड फाटकं. कुणी कामात खोट काढली की हातोडी भिरकावायचा. म्हणून त्याला कुणी काही सांगायचं नाही. बायको तेवढी सांगायची, तीही दारात उभी राहून, पळता येईल अशी.

त्या मुलखात एक रीत होती. लेक पहिलटकरीण असली की सातव्या महिन्यात बापानं तिला डोहाळ्याचा डबा द्यायचा. त्यात चिंच-गुळात मुरवलेले आवळे भरायचे आणि डबा लेकीच्या उशाशी ठेवायचा. तिला वाटेल तेव्हा तिनं खावं. दुसऱ्या कुणी त्यातलं चाखायचं नाही.

गावच्या पाटलाची एकुलती लेक पोटुशी होती. पाटलानं तांबटाला बोलावून घेतलं.

"असा डबा घडव, की पाहुण्यांचे डोळे फाटले पायजेत."

तांबट कामाला लागला. आता, आंबट ठेवायचा डबा म्हटल्यावर आतून कथलाची कल्हई पाहिजेच. नाहीतर आंबट तांब्याला लागून कळकतं, हिरवं पडतं, त्याचं विष होतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि कल्हई आधी करायची, फुलं मागनं लावायची. कल्हईसाठी डबा जाळावर तापवावा लागतो. फुलं आधी लावली तर ती जोडणारी झाळ वितळते आणि फुलं गळून पडतात.

पण पाटलाचा गडी रोज येऊन डबा बघायचा आणि गावभर सांगायचा. मग बघायला माणसं जमायला लागली. लोकांना नुसता पत्रा काय दाखवायचा? तांबट हुरळला आणि फुलं आधी लावून बसला. डब्याच्या अंगभर एकवीस फुलं, पाकळी न् पाकळी हातानं कापलेली. माणसं तोंड भरून वाखाणत गेली.

डबा द्यायचं कार्य उद्यावर आलं तेव्हा बायकोनं झाकण काढून आत बघितलं.

"अवो, आतनं तांबडाच हाय की ह्यो! कल्हई कुठाय?"

तांबट खाली बघत म्हणाला, "ऱ्हायली."

"मग करा की. फुलं पडली तर पडू द्यात."

"आठ दिस डोळं फोडल्यात त्या फुलांवर! उद्या काय बोडका डबा घेऊन जाऊ? लोक हसत्याल."

"हसू द्यात. पोरगी दोन जिवांची हाय."

हातोडी भिंतीवर आदळली. बायको परसात निघून गेली.

तांबटानं राख-चिंचेनं डबा आतून घासून लखलखीत केला. मनाशी म्हणाला, दोन-चार दिवसांनी काहीतरी कारण काढून मागून आणू, गुपचूप कल्हई करून परत देऊ. तेवढ्यानं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या अंगणात डबा या हातातून त्या हातात फिरला. पाहुणे फुलं मोजत होते. पाटलाची छाती फुगली होती, तांबटाची त्याहून जास्त. मग डबा भरायला आत गेला.

पाटलाच्या घरी रांधायला एक म्हातारी होती. मागंपुढं कुणी नसलेली. आवळे तिनंच मुरवले होते. तिनं झाकण काढलं, आत बघितलं आणि डबा घेऊन तशीच बाहेर आली.

"तांबटदादा, आतनं तांबडं कसं वो? कल्हई दिसत न्हाई."

सगळं अंगण तांबटाकडं बघायला लागलं.

"चुकलो" एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? दोन घटका हसं झालं असतं. पण भरल्या अंगणात एका रांधणारीनं खोट काढली, हे त्याला सोसलं नाही. त्याचं डोकं पेटलं.

"म्हातारे, तुला हातातला घास दिसंना आन् कल्हई दिसती व्हय? ही नवी घडण हाय. मला शिकवतीस? जा, चुलीतली लाकडं मोज!"

अंगण खो-खो हसलं. पाटीलही हसला. "जा, भर तू," म्हणाला. "त्याचं त्याला कळतंय."

"बरं बाबा," म्हातारी म्हणाली. आत गेली आणि तिनं डबा भरला.

तिसऱ्या दिवशी पाटलाच्या लेकीला उलट्या लागल्या. बायका म्हणाल्या, डोहाळे आहेत, आंबट दे. म्हणून ती आणखी खात राहिली. ही खबर तांबटाच्या घरी आली तशी बायको म्हणाली, "उठा. जाऊन सांगा. अजून येळ हाय."

तांबट उठला. पाटलाच्या दारापर्यंत गेलाही. सोप्यावर पाटलाचा व्याही बसला होता.

"या कारागीर!" व्याही म्हणाला. "धाकल्या सुनंला असाच डबा पायजे आमाला." आणि त्यानं उठून तांबटाच्या डोक्याला फेटा बांधला. आतून पोरीचं कण्हणं तांबटाला ऐकू येत होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं काय? "घडवतो की."

फेटा बांधूनच तो घरी आला. बायकोनं फेट्याकडं बघितलं आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

सातव्या दिवशी पोटातलं गेलं. नवव्या दिवशी पोरगी गेली.

माती देऊन आले तसे लोक म्हणाले, असं कशानं झालं? सगळ्या घरानं एका हंडीतलं खाल्लं, मग हिलाच का बाधलं? आवळे तेवढे हिनं एकटीनं खाल्ले. आवळे कुणी केले? म्हातारीनं. झालं! तिच्या झोपडीतली गाडगी फोडली, केसाला धरून तिला वेशीबाहेर ओढली. ती हात जोडून म्हणत होती, "मी इच्यारलं हुतं रं, भरल्या अंगणात इच्यारलं हुतं." त्या अंगणात हसलेले सगळे तिथंच उभे होते. एकालाही आठवलं नाही. तांबट तिथंच होता, त्याला आठवत होतं. तरी तो वेस मोकळी होईपर्यंत खांबासारखा उभा राहिला.

मग तो पाटलाकडं गेला. पोरीच्या उशाशी डबा तसाच होता. त्यानं तो उचलला आणि पाटलापुढं उपडा केला. आवळे हिरवेनिळे पडले होते. डब्याच्या बुडाला हिरवा थर धरला होता.

"मी मारली पाटील. कल्हई न्हवती. मला ठावं हुतं."

पाटलानं डब्याच्या बुडावरून बोट फिरवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही.

"फेटा बांधला त्या दिशी पोरगी जित्ती हुती," एवढंच म्हणाला. "जा. त्या म्हातारीला तरी आण."

तांबट रस्त्यानं पळत सुटला. ओढ्यापलीकडं एका दगडावर म्हातारी बसलेली सापडली. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. तिच्या पायावर डोकं ठेवून त्यानं सगळं सांगितलं. "चल मावशे. पाटलाला समदं सांगितलंय म्या. तुझ्यावर आळ न्हाई."

म्हातारीनं पाय मागं घेतला.

"आळ गेला रं. पर भरलं म्याच न्हवं? पोरगी 'आजे, आजून दे' म्हणायची आन् मी ह्या हातानं द्यायची. त्ये कसं जाणार?"

ती काठी टेकत उठली आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागली. तांबटानं दोन-तीनदा हाक मारली. तिनं मागं बघितलं नाही.

तात्पर्य एवढंच: आपली चूक ज्या घडीला कळली, त्याच घडीला चारचौघांत कबूल करावी. हसं झालेलं माणूस चार दिवसांनी वर मान करून चालतं. उशिरा कबूल केल्यानं मेलेलं माणूस उठत नाही.