आवटी गुरुजींच्या गोष्टी

"…पण सगळं म्हणजे काय काय घेतलंस?"

शिकलगार उस्तादांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता त्यांचे केस पिकले होते.

"सगळं म्हणजे सगळं, उस्ताद," त्यांचा शागीर्द विक्रांत हेरवाडे म्हणाला. "डेस्कटॉपवर होतं तेवढं पेनड्राइव्हवर घेतलं, मग डिस्क साफ करून विंडोज नव्यानं टाकली. आवटी गुरुजींचं मशीन आता पळतंय नुसतं."

विक्रांतचा हात चांगला होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. लवकरच तो स्वतःचं दुकान टाकणार होता. 'तयार झालास' एवढं उस्तादांनी म्हणावं, म्हणून सकाळपासून त्यांच्याभोवती घुटमळत होता.

"गुरुजींना उघडून बघायला लावलंस?"

ही त्या दुकानाची रीत होती. डिस्क पुसण्याआधी घेतलेली कॉपी दुसऱ्या मशीनवर लावायची, गिऱ्हाइकाला समोर बसवायचं आणि त्याचा जीव ज्या फाइलीत अडकलाय ती त्याच्याच हातानं उघडायला लावायची. तोवर डिस्कला हात लावायचा नाही. विक्रांतला हा नुसता वेळकाढूपणा वाटे.

"ते घरी होते. एवढ्यासाठी कशाला बोलवायचं?"

उस्तादांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आणि साधं फॉरमॅट नाही मारलं. व्हायरस होता, म्हणून अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहून काढली. आता कुणाचा बाप आला तरी जुनं काही निघायचं नाही."

हेही तो छाती फुगवूनच सांगत होता. असल्या हुशारीचा मला राग येतो.

तेवढ्यात गुरुजी आले. गळ्याला मफलर होता. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला होता, कायमचा. त्याआधी नातीसाठी त्यांनी गोष्टी वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. मशीन देताना तसं कागदावर लिहूनही दाखवलं होतं. विक्रांतनं मान डोलावली होती.

उस्तादांनी पेनड्राइव्ह लावला आणि खुर्ची पुढं केली.

गुरुजींनी 'चिऊच्या गोष्टी' या फोल्डरवर क्लिक केलं. मग हसून कानाला हात लावला, ऐका म्हणून.

काही उघडलं नाही.

उस्तादांनी पडद्यावर बोट ठेवलं. त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण होता. तो फोल्डर नव्हताच, फोल्डरकडं नेणारा शॉर्टकट होता. गोष्टी होत्या डी ड्राइव्हमध्ये, आणि तिथं आता शून्यं होती.

विक्रांतचा चेहरा उतरला.

"गुरुजी, दुसरीकडं कुठं कॉपी…?"

गुरुजींनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा क्लिक केलं. पुन्हा. मग वळून विक्रांतकडं पाहिलं. ओठ हलले, मफलरच्या आत थोडी हवा वाजली…

विक्रांत उस्तादांजवळ सरकला.

"उस्ताद… काहीच निघणार नाही?"

"तूच सांगितलंस की."

गुरुजी अजून त्याच्याकडंच बघत होते.

"मी काय बोलू त्यांच्याशी?"

उस्तादांनी पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातात ठेवला.

"काहीही बोल. तुला बोलता येतं."