न हरणाऱ्यांची झुंज

फार फार पूर्वी एका राज्यात लोकांना रानातले अजब प्राणी पाळायचा भारी नाद होता. कोणाचा प्राणी शेपटीतून ठिणग्या काढी, कोणाचा पाण्याच्या पिचकाऱ्या मारी. जत्रेत त्यांच्या झुंजी लागत. नियम एकच: एक प्राणी आडवा झाल्याशिवाय रिंगण सोडायचं नाही, ना प्राण्याने, ना मालकाने.

त्या वर्षी मानाच्या घंटेसाठी शेवटची झुंज लागली कुंभारीण आणि सुतार यांची. कुंभारीण सकाळीच भट्टी पेटवून आली होती. दुपारपर्यंत परतू, असा तिचा हिशेब.

दोघांनीही आणला होता डुलक्या! हा गोलमटोल प्राणी, आपणहून कधी मारायला जात नाही. वर दोघांनीही त्याच्या गळ्यात औषधी वेल बांधलेली. पान खाल्लं की जखम बरी, आणि तोडलेल्या जागी लगेच नवं पान.

"आता मी हरतच नाही," सुतार मिशीवर ताव देत म्हणाला.

"मीही नाही, सुतारदादा," कुंभारीण हसली.

ढोल वाजला. डुलके एकमेकांकडे बघत बसले. शेवटी कंटाळून त्यांनी डोक्याला डोकं आपटलं. धाड! दोघांना टेंगूळ. दोघांनी पान खाल्लं. टेंगूळ गायब. पुन्हा धाड, पुन्हा पान. लोकांनी नाचून नाचून पागोटी उडवली. मग घसे बसले. मग लोक भजी खाऊन आले, तरी धाड चालूच.

ऊन कललं. कुंभारवाड्यावर काळा धूर दिसला, तशी कुंभारीण झुंज बघत बसलेल्या राजाकडे वळली. भट्टी वेळेत विझवली नाही, तर वर्षभराची मडकी तडकणार.

"महाराज, मला सोडा."

"नियम म्हणजे नियम," राजा म्हणाला. "कोणीतरी हरायला हवं."

"सुतारदादा, वेल काढा की."

"मी का काढू? तुम्हीच काढा."

तिने घंटेकडे पाहिलं. मग धुराकडे. आणि आपल्या डुलक्याची वेल सोडली. दोन धडकांत तो आडवा झाला आणि सुखाने घोरू लागला. ती पदर खोचून जी पळाली, ती थेट भट्टीपाशी. मडकी वाचली.

घंटा सुताराला मिळाली. पुढच्या वर्षी तो तीच वेल बांधून उतरला. समोरचा गडीही त्याचंच बघून शिकलेला. ते दोघे अजून रिंगणातच आहेत म्हणे, आणि त्यांना पाणी जातं ते कुंभारणीच्या मडक्यांतून.

बोध: जो हरायची वाट बुजवतो, त्याची जिंकायची वाटही बुजते.