सगळ्यांना चालेल असा धडा

जंगलात घर बांधायलाही शाळा होती, तेव्हाची गोष्ट. "सुगरणबाई म्हणे घराचा धडा पुसून..." एवढंच बोलून होला उडाला. अर्ध्या बातमीवर साळुंकीला घास गिळवेना. ती तडक शाळेत गेली.

तिथे उंदरीण भांडत होती. "बाई, तुमचा धडा म्हणतो, चोचीने गवत विणून घर करा. माझ्या ठकीला चोच कुठली? अंधार पडला की घुबड घिरट्या घालतं, पोरगी अजून उघड्यावर!"

"चोच पुसते," सुगरण फळ्याकडे वळत म्हणाली.

"आम्हाला गवत नको, माती लागते," मुंगी म्हणाली. गवतही गेलं.

"विणायचं कुणाला येतं?" सुतारपक्षी ओरडला. तेही गेलं. उरलं, 'घर करा.'

"पण कसं?" ठकीने विचारलं.

साळुंकीला राहवेना. "अहो, खाली प्रत्येकाची वेगळी ओळ लिहा की!"

"लिहीन. पण पुढे प्रत्येकाची ओळ बरोबर आहे का, हे बघत राहणार कोण?" सुगरणीने विचारलं.

जो तो दुसऱ्याचं नाव सांगू लागला. उंदरणीने मात्र शाळेच्या दारातच नखांनी उकरायला घेतलं. ठकीही बघून बघून उकरू लागली. अंधार पडायच्या आत दोघी बिळात होत्या.

परतताना साळुंकीला वाटेत होला भेटला. "काय हो साळुंकीबाई, पुसला का धडा?"

"सगळा नाही हो," साळुंकी म्हणाली, "दोन शब्द आहेत अजून."