चिमणा गुरवीण आणि दोन शास्त्री

सोनगिरीच्या चिमणा गुरविणीनं चोरीचा आळ आलेल्या एका घाबरलेल्या वाटसरूला घरात लपवलं आणि शिपायांना सांगितलं, "इकडे कुणी आलं नाही." पुढे खरा चोर सापडला; पण बाई खोटं बोलली म्हणून राजानं तिला दरबारात उभं केलं.

थोरले शास्त्री गरजले, "परिणाम काहीही होवो, सत्य बोलणं हाच धर्म! हिला हद्दपार करा."

धाकटे शास्त्री म्हणाले, "छे! परिणामच पाहावा. बहुतांचं भलं होईल तोच धर्म."

दोघांची चांगलीच जुंपली. राजा वैतागला. "बाई, यांतला कोण बरोबर ते तूच सांग. नाहीतर गाव सोड."

चिमणा हात जोडून म्हणाली, "महाराज, देव न करो, पण उद्या लढाईत हरून तुम्ही जीव वाचवायला पळालात आणि शत्रू पाठीस लागला. थोरले शास्त्री त्याला खरं सांगून टाकतील. धाकटे म्हणतील, एक राजा दिल्यानं गाव वाचतंय, देऊन टाका. मग तुम्ही दार कुणाचं ठोठावाल?"

राजा खो खो हसत सुटला. "तुझंच, बाई! आणि तेही धावत येऊन!"

त्यानं साडीचोळी देऊन तिला मानानं घरी पाठवलं. शास्त्र्यांचा वाद मात्र अजून चालूच होता.