पहाऱ्याची पाळी

“…मग हे वीरचक्र दर्ग्यात ठिवू का नको, बाबा?”

हवालदार दौलू निकमांनी तिसऱ्यांदा विचारलं. लष्करातून निवृत्त होऊनही त्यांची पाठ ताठच होती. समोर दर्ग्याच्या सावलीत, दर्गा सांभाळणारे हैदरबाबा मेथी निवडत होते. बाबांना दिसत नसे. सगळं बोटांनी चालायचं.

“दर्ग्याला काय करायचंय त्याचं? मान तुझा हाय.”

“माझा न्हाई. पदकाच्या कागदात लिवलंय, एकट्यानं चौकी राखली. एकटा नव्हतो मी… सर्जेराव पिंगळे होता, माझा जोडीदार. खंदकात एकानं झोपायचं, दुसऱ्यानं जागायचं. मग पाळी बदलायची.”

“बरं.”

“त्या राती माझी पाळी आली, तरी त्यानं उठवलंच न्हाई. दमलाय, झोपू दे, म्हणला असंल. माझ्या पाळीतली गोळी त्याला लागली.”

बाबांची बोटं थांबली.

“त्यो पडला तवा मी उठलो. पुढं उजाडेस्तवर लढलो ते निस्त्या रागानं. त्याच्या घरी तार गेली, माझ्या घरी पदक आलं…”

गावानं दौलूंच्या नावाची कमान उभारली होती. हत्तीवरून साखर वाटायचीच काय ती बाकी होती. पण त्या कमानीखालून घरी जाताना या माणसाला किती एकटं वाटत असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

“झोप लागती का रं?” बाबांनी विचारलं.

“बावीस वर्षं झाली. डोळा लागला की दचकून उठतो. वाटतं, मी झोपलोय आन् जागं कुणीच न्हाई.”



बाबांनी मेथी बाजूला सारली. दौलूंच्या हातातलं पदक चाचपून त्यांच्याच खिशात घातलं. भर दुपारी घोंगडी झटकून सावलीत अंथरली. काठी मांडीवर आडवी घेतली, दौलूंकडे पाठ केली आणि पायवाटेकडे तोंड करून बसले.

“नीज आता.”

दौलूंना हसू आलं.

“बाबा, तुमी कसला पहारा देणार? तुमाला तर दिसत न्हाई…”

“त्या काळोखात सर्जेरावाला तरी काय दिसत हुतं?”