भात्यानं श्वास धरला तेव्हा

लोहार जेवायला गेला की त्याची अवजारं तोंड उघडायची, त्या काळातली ही गोष्ट.

भिंतीत राहणाऱ्या चिमी मुंगीचं एक अंडं काळवंडलं. मुंग्यांचा रिवाज असा, की मेलेलं अंडं लगेच बाहेर टाकायचं, नाहीतर बुरशी सगळ्यांना खाते. थोरली मुंगी म्हणाली, "टाक बाई." पण चिमीला आत काहीतरी हलल्यासारखं वाटत होतं. ती अंडं घेऊन तागडीकडे गेली. थोरली बडबडत मागोमाग.

अंडं ठेवलं, तरी पारडं जागचं हललं नाही. "यात काही नाही," तागडी म्हणाली. लोखंड तोलणारी दुसरं काय सांगणार!

तेवढ्यात आढ्यापासून ऐरणीपर्यंत लोंबणारा, काजळीनं काळा झालेला कोळ्याचा धागा म्हणाला, "अंडं माझ्या टोकाला टेकव. आतनं कुणी ढकललं तर मी वाकेन."

चिमीनं टेकवलं. धागा गरागरा फिरला.

"जिवंत आहे!" चिमी ओरडली.

"डोंबल! हा भात्याचा श्वास आहे. आवरा त्याला," धागा म्हणाला.

"श्वास घेतला नाही तर मरेन की मी," भाता कुरकुरला.

"मग मर थोडा वेळ," घण खेकसला.

भात्यानं श्वास धरला. सगळी अवजारं टक लावून बघू लागली. धागा स्थिर झाला, आणि मग टोकाशी इवलासा वाकला. सरळ झाला. पुन्हा वाकला.

"किती जोर आहे?" तागडीनं हळूच विचारलं.

"तुझ्या मापात काहीच नाही," धागा म्हणाला.

थोरली मुंगी ते ऐकायला थांबलीच नाही. "चिमे, बघत काय राहिलीस?" ती म्हणाली. "उचल पोराला!"